दुसरी हाक

“पण समोरच्यानं फोनवर ऐकूनच घेतलं नाही, तर काय करायचं, महाराज?”

अचलनाथबाबा झोळीची गाठ सोडवत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कोणी ऐकून घेतलं नाही?”

“माझ्या मुलीनं. रेवतीनं. वर्ष होत आलं. माझा आवाज ऐकला की फोन ठेवते आणि तो नंबर ब्लॉक करते.”

“मग?”

“मग मी दुसऱ्या नंबरवरून करतो.”

विचारणारे गृहस्थ म्हणजे हेरंब चौबळ. पुण्याहून गाडी करून आमच्या टेकडीवरच्या मठात आले होते. फोनवरून लोकांच्या गळ्यात माल मारणारी त्यांची मोठी कंपनी आहे. आपण जेवत असतो, नाहीतर मयताला खांदा देत असतो, आणि तेवढ्यात एक गोड आवाज कर्ज हवंय का म्हणून विचारतो. तो आवाज यांच्या पदरी नोकरीला. मठात चुलीचं काम माझ्याकडे असतं. मलाही ती बाई रोज दुपारी विचारते. मला तेव्हा चुलीसाठी कोरडी फाटी हवी असतात, आणि ती तिच्याकडे कधीच नसतात.

“एखादा मंत्र द्या,” चौबळ म्हणाले. “तिनं फक्त एकदा ऐकून घ्यावं. पुढचं मी बघतो. समोरच्याला फोनवर कसं धरून ठेवायचं, हे मी आजवर कितीतरी पोरांना शिकवलंय.”

“आणि तो नको म्हणाला तर?”

चौबळ हसले. “नको म्हणजे आत्ता नको, महाराज. आमच्या धंद्यातला पहिला धडा.”

बाबा उठले. झोळी खांद्याला लावली.

“मीही दारोदार फिरणाराच. चल.”

मीही मागोमाग निघालो. टेकडी उतरताना बाबांनी त्यांना नेम सांगितला. भिक्षेला दारात एकच हाक द्यायची. गाईची धार काढायला लागतो तेवढा वेळ उभं राहायचं. कोणी आलं तर ठीक, नाहीतर पुढचं दार. दुसरी हाक नाही. हा नेम त्यांच्या गुरूंचा, आणि त्यांच्याही गुरूंचा.

“आणि आतल्या माणसाला ऐकूच गेलं नसेल तर?”

“तर उपास.”

“अशानं धंदा बुडेल, महाराज.”

“बुडतो कधीकधी,” बाबा म्हणाले.

पहिल्या घरी भाकरी मिळाली. दुसरं घर कौसाबाईचं. दार अर्धवट उघडं होतं, आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

“अलख...”

कोणी आलं नाही. बाबा उभे राहिले. धारेचा वेळ सरला तसे वळले आणि चालू लागले.

चौबळ जागचे हलले नाहीत.

“आत माणूस आहे, महाराज.”

“आहे.”

“मग?”

बाबा थांबले नाहीत. मग चौबळांनी गळा साफ केला आणि उंबऱ्याशी जाऊन हाक मारली. “ताई, महाराज आलेत हो दारात.” थोडं थांबून पुन्हा. आणि मग आवाजात साखर घोळवून, “दारचा साधू रिकामा गेला तर घराला बरं नसतं, ताई. तुमच्या भल्यासाठी सांगतो.”

कौसाबाई बाहेर आली. हात कोपरापर्यंत साबणानं माखलेले, पदर भिजलेला. तिनं वाटीभर पीठ आणलं होतं. चौबळांनी रुमाल पसरला, तिनं त्यात ते उपडं केलं. त्यांच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. भीक नको पण कुत्रा आवर, असं आपल्याकडे मागणारा म्हणतो. इथे देणारीच म्हणत होती, भीक घे पण तोंड आवर.

चौबळ रुमाल घेऊन बाबांच्या मागे धावत आले. चेहरा असा, की लढाई जिंकून आलेत.

“हे बघा. नेम मोडला की मिळतं.”

बाबांनी रुमाल दोन्ही हातांत घेतला आणि माघारी गेले.

“माई, हे तुमचं. चुकून आमच्याकडे आलं.”

कौसाबाई गोंधळली. “असू दे की बाबा. सासूबाईंना आंघोळ घालत होते, त्यांना उठवत नाही आता. अर्ध्यात सोडून आले. हे म्हणाले, घराला बरं नसतं, म्हणून...”

“त्या ओल्या बसल्या असतील. जा.”

बाबांनी पीठ तिच्या वाटीत ओतलं. मग रुमाल पायरीवर झटकला, शिवणीत अडकलेलं पीठही बोटानं काढलं आणि तो घडी करून चौबळांच्या हातात दिला.

चढ चढताना चौबळांचा चेहरा लाल झाला होता.

“दिलं होतं तिनं,” ते म्हणाले. “मनातून असो नसो, दिलं तर होतं.”



मठाच्या ओट्यावर बसल्यावर मी दोघांना पाणी दिलं.

“मुलगी का बोलत नाही?” बाबांनी विचारलं.

चौबळांनी पेला खाली ठेवला.

“तिची आई गेली. सुनीती. गेल्या वर्षी हॉस्पिटलमध्ये होती. रेवती रात्रंदिवस तिच्यापाशी. त्या दिवशी दुपारी आंघोळीपुरती घरी आली. आणि तिचा फोन सारखा वाजायला लागला. चाकाची खुर्ची हवी का, भाड्यानं खाट हवी का, घरी नर्स हवी का, एकामागून एक. वैतागून तिनं बघणंच सोडलं. वाजला की कापायचा, वाजला की कापायचा.”

“हं.”

“त्यातलाच एक फोन हॉस्पिटलचा होता. आई तुम्हाला बोलावतेय, लगेच या म्हणून. त्यांनी पुन्हा केला. तोही तिनं कापला. ती पोचली तेव्हा...”

ते थांबले. मग आपणहून म्हणाले, “ते बाकीचे फोन आमच्या कंपनीचे होते. त्या हॉस्पिटलातल्या सगळ्या पेशंटांच्या नातेवाइकांचे नंबर आम्ही विकत घेतले होते. त्यात तिचाही असेल, हे मला काय ठाऊक?”

“बाकीचे नंबर कोणाचे होते, ते ठाऊक होतं?”

मला त्या माणसाची कीव यायला हवी होती. आली नाही. मला ती पोरगी दिसत होती, ओल्या केसांनी फोन कापणारी.

आता हा माणूस रडेल असं मला वाटलं. तो रडला नाही. त्याची नजर चुलीजवळच्या कोनाड्याकडे गेली. तिथे मठाचा जुना बटणांचा फोन असतो.

“हा नंबर तिच्याकडे नसेल,” चौबळ म्हणाले. “महाराज, एकदाच करू द्या.”

“अनोळखी नंबर ती कशाला उचलेल?”

“उचलते. नवा नंबर असला की हमखास. पहिल्याच रिंगला.” एवढं बोलताना त्यांच्या आवाजात तो धंद्यातला जोर परत आला होता. “रात्री, पहाटे, केव्हाही करा.”

“का?”

“त्या दिवसापासून... एकही फोन चुकवत नाही ती.”

मी चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं. हे ठाऊक असून हा माणूस वर्षभर नंबर बदलत होता.

बाबांनी मला मान हलवून खूण केली. मला फोन मुळीच द्यायचा नव्हता, पण दिला.

चौबळांनी पाठ असलेला नंबर दाबला. आमच्या त्या फोनमधला आवाज ओटाभर ऐकू येतो. एकदाच वाजला.

“हॅलो?” पोरीला धाप लागली होती, कुठून तरी धावत आली असावी. “हॉस्पिटलमधून बोलताय का? मी रेवती. मी ऐकतेय, बोला...”

“रेवा, ठेवू नकोस, मी काय म्हणतो ते...”

फोन बंद झाला.

चौबळांनी तो कानापासून काढला, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठांवर तेच रुमाल आणतानाचं हसू होतं.

“पाहिलंत? उचलला. म्हणजे अजून आशा आहे.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमचा स्वतःचा आहे का हो एखादा फोन?”

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पुढे होऊन चौबळांच्या हातातून मठाचा फोन काढून घेतला. मग त्यांच्या खिशातून तो घडी केलेला रुमाल काढला, उलगडला आणि त्यांच्या रिकाम्या ओंजळीत पसरला.

“हे कशाला, महाराज?”

“तिनं आत्ता उचलला तो आईचा फोन म्हणून, चुकून तुझ्याकडे आला,” बाबा म्हणाले. “तो परत देऊन ये.”