दिगंबरनं पाहुण्यांना नव्या पत्त्यावर पाठवलं

एका गावात एक भोळा वेबसाइटवाला होता. नाव दिगंबर शिंगाडे. त्याच्या काकूंचा लोणच्यांचा धंदा होता आणि काकूंची वेबसाइट तो सांभाळायचा. मनानं सोनं. पण त्याला सांगितलेलं कधी वाया जायचं नाही, हीच पंचाईत.

एकदा एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "अहो, तुमच्या पानाच्या पत्त्यात 'आंबा%20लोणचे' असं दिसतंय. आंबा वीसच टक्के? मग बाकी काय घालता?"

दिगंबरला फार वाईट वाटलं. त्यानं जाऊन वीस खोडलं आणि शंभर केलं. पान उघडायचंच बंद झालं.

काकूंचा मुलगा विश्राम पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. दिगंबरनं त्याला फोन लावला.

"दिग्या, ते टक्के नाहीत रे! पानाच्या नावात दोन शब्दांच्या मधे तू मोकळी जागा सोडलीस. वेबच्या पत्त्यात ती चालत नाही, म्हणून तिच्या जागी %20 येतं. मोकळी जागा सोडायचीच नाही. मधे एक आडवी रेघ टाक."

"कळलं, दादा."

खरंच कळलं. रेघ टाकली, टक्के गेले.

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "दिगंबर, एवढ्या बरण्या खोक्यात भर. मधे जरा जागा सोड, पेंढा कोंबायला."

दिगंबर मनात हसला. काकूंना कुठलं माहीत असणार! त्यानं जागा सोडलीच नाही. बरणीला बरणी भिडवली आणि जिथं फट दिसली तिथं एकेक लोखंडी सळी आडवी ठोकली. एस्टी स्टँडवर पोचेपर्यंत खोक्यातून तेल गळायला लागलं होतं.

"अरे, काच आहे ती!" काकू ओरडल्या.

"पण टक्के आले नाहीत ना?" दिगंबर म्हणाला.

पुढच्या आठवड्यात दुसरं गिऱ्हाईक चिडलं. त्याला दिगंबरनं मोबाइलवर पानाचा पत्ता पाठवला होता. 'लिंबू-लोणचे' एवढंच नाव, पण तिकडं पोचली ती टक्क्यांची, आकड्यांची आणि इंग्रजी अक्षरांची मालगाडी. संपता संपेना.

विश्राम म्हणाला, "मराठी अक्षर पत्त्यात आलं की त्याचं असंच होतं. पत्ता इंग्रजीत टाक. सरळ दिसेल."

"कळलं, दादा."

त्यानं पानांची नावं इंग्रजीत केली. मालगाडी गेली. मग त्याची नजर पार्सलांवर गेली. सगळे पत्ते मराठीत! बिचारा दुपारभर बसून इंग्रजी करत राहिला. चार दिवसांनी पोस्टमन एक पार्सल परत घेऊन आला.

"दिगंबरराव, चिकनवाडी कुठं आली? आणि ह्या हेडब्रेकर मॅडम कोण?"

"कोंबडवाडीच्या डोईफोडेबाई," दिगंबर म्हणाला. "इंग्रजीत टाकलंय. आता सरळ दिसतंय."

काकूंनी कपाळाला हात लावला.

इकडं पानांची नावं बदलल्यामुळं जुनी गिऱ्हाइकं जुन्या पत्त्यावर येऊन 'पान सापडत नाही' एवढंच वाचून परत जायला लागली. विश्रामनं फोनवरच समजावलं. "हे बघ, जुन्या पत्त्यावर कुणी आलं की त्याला ताटकळत ठेवायचं नाही. पत्ता कायमचा बदललाय असं सांगायचं आणि थेट नव्यावर पोचवायचं."

"कळलं, दादा."

या वेळी त्यानं इतकं अचूक काम केलं, की एकही गिऱ्हाईक चुकलं नाही. विश्राम खूश, काकू खूश. "सुधारला गं बाई माझा दिगंबर," म्हणत काकूंनी त्याच्या लग्नाचं मनावर घेतलं. मुलगी जांभूळणीची, नाव कुमुद. फोटो पाहिल्यापासून दिगंबरला जेवण गोड लागेना. नवा शर्ट आणला. केस दहा वेळा विंचरले.

रविवारी मुलीकडचे येणार होते. ऐन वेळी दूध नासलं. काकू पिशवी घेऊन निघाल्या. "मी आलेच. तोवर पाहुणे आले तर त्यांना नीट वाट दाखव."

काकू वळल्या आणि जीप आली. कुमुदचे वडील उतरले. मागं पदर सावरत कुमुद. फोटोपेक्षा छान. दिगंबरनं अकराव्यांदा केसांवरून हात फिरवला.

"शिंगाड्यांचं जुनं घर हेच का?" वडिलांनी विचारलं.

'जुनं' म्हणताच दिगंबर सावध झाला. त्यानं हात जोडले. "जुनं हेच. पण पत्ता कायमचा बदललाय."

"अरेच्चा! मग नवं?"

समोरच अनंता शिंप्यानं नवाकोरा गुलाबी बंगला बांधला होता. गावात त्याहून नवं घर नव्हतं. दिगंबर पाहुण्यांना स्वतः घेऊन गेला, दार वाजवलं आणि सगळे आत गेल्याची खात्री करूनच परतला.

अनंता बिनलग्नाचा होता. त्याची आई दोन वर्षं सून शोधत होती.

काकू दूध घेऊन आल्या. ओसरी रिकामी.

"पाहुणे आले नाहीत?"

"आले आणि पोचलेसुद्धा," दिगंबर समोरच्या बंगल्याकडं बोट दाखवत म्हणाला. "नव्या पत्त्यावर."

काकू चपला न घालता धावल्या. तिकडं पोहे संपले होते, पसंती झाली होती आणि अनंताची आई दारात साखर वाटत होती. तिनं काकूंच्या तळहातावरही चिमूटभर ठेवली.

"मेल्या, ती तुझी बायको व्हायची होती!" काकू परत येऊन रडकुंडीला आल्या. "जा, आत्ताच्या आत्ता त्यांना परत घेऊन ये!"

दिगंबरनं समोरच्या गुलाबी बंगल्याकडं पाहिलं. खिडकीत कुमुद हसत होती. त्यानं नव्या शर्टाची कॉलर सारखी केली. पण पाय काही उचलला नाही.

"तसं करता येत नाही, काकू," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "मी कायमचं पाठवलंय."