उकंडाजी, देल्ली हो!

या, बसा जवळ. बारक्यांनो, तुम्हीही सरका पुढे. फार वर्षांपूर्वी, बोरखडीत विजेचा खांबही आला नव्हता तेव्हा, तिथे उकंडाजी दवाईवाले राहत. आईबापाची आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून याला जन्मतःच उकिरड्यावर लोळवलं आणि नाव ठेवलं उकंडा. मरणाला फसवून वाढलेला माणूस, म्हणून त्याच्या हाताला गुण होता, असं म्हणतात. मला विचाराल तर गुण हाताला नव्हता, जिभेला होता.

शहरातल्या मोठ्या औषधाच्या दुकानात उमेदीची वर्षं काढून उकंडाजी गावी परतले आणि बाजाराच्या ओट्यावर त्यांनी छोटंसं दुकान थाटलं. डोकेदुखीची गोळी, खरजेचं मलम, खोकल्याची लालभडक गोड बाटली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येईल तेवढंच ते ठेवत. भिंतीपलीकडचा खोकला ऐकून ते दुखणं ओळखत, असं म्हणतात. नुसता घसा धरला असेल, तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगून माणसाला रिकाम्या हाताने घरी पाठवत. छातीत घरघर ऐकू आली, तर स्वतः बैलगाडी जुंपून त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेत. आपलाच माल विकायला नाही म्हणणारा असा दुकानदार बोरखडीने पुन्हा पाहिला नाही.

पण गावाची एक जुनी खोड होती. झाडपाल्याचं औषध गुपचूप द्यायचं, अशी तिथली रीत. काय दिलं, कोणी दिलं, हे बोललं की गुण जातो म्हणे. रानातल्या मुळीची ही रीत लोकांनी बाटलीलाही लावून टाकली. उकंडाजी विचारत, "कोनासाठी पाह्यजे?" गिऱ्हाईक दुसरीकडे बघत म्हणे, "माह्यासाठीच." मग ते किती घ्यायची, कधी घ्यायची हे समजावत, आणि ती सगळी समजूत भलत्याच कानात जाई.

एका हिवाळ्यात, कापसाची वेचणी भरात असताना, जानराव बुढ्याला खोकला लागला. त्याची बायको ठकूबाई मोठी तोंडाळ. नवऱ्याशी चारचौघांत ती कधी गोड बोलली नाही, पण जीव सगळा त्याच्यात. तिने पदराआड लाल बाटली आणली आणि घरात कोणी नाही असं पाहून त्याला पाजली. "कोनाले सांगसान नोको," म्हणाली. बुढा शहाण्यासारखा गप्प बसला. औषध गोड होतं ना!

दोन दिवस गेले आणि तिसऱ्या सकाळी जानराव उठेना. हलवलं, पाणी शिंपडलं, तर डोळे किलकिले करी आणि पुन्हा मिटून घेई. श्वास मंद होत चालला. अंगणात माणसं जमली. कोणी म्हणालं बाहेरचं लागलं, कोणी गंगाजळ शोधायला लागलं. ठकूबाई उशाशी बसून होती. आपलंच औषध कमी पडलं, असं तिला वाटत होतं. आणखी एक घोट घालावा म्हणून तिने बाटली हातात घेतली, तेवढ्यात गलका ऐकून आलेले उकंडाजी दारात उभे राहिले.

त्यांनी वाकून बुढ्याचा श्वास ऐकला. "यायले काय देल्लं?" जो तो दुसरीकडे बघायला लागला.

ठकूबाईच्या ओठांवर आलं होतं. पण बोललं की गुण जाणार. मग या माणसाला इथे धरून ठेवायला उरलं काय? आणि न बोलता हा असाच गेला तर? तिने बाटली पुन्हा पदराआड नेली.

उकंडाजींनी घरातल्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. थोरली सून, धाकटी सून, मुलगा शामराव. गेल्या चार दिवसांत यांतला प्रत्येक जण दुकानावर येऊन "माह्यासाठीच" म्हणून गेला होता, आणि आज त्यांच्यातलं एकही माणूस खोकत नव्हतं. उकंडाजी उशाशी येऊन बसले.

"वयनी," ते ठकूबाईला म्हणाले, "बोललं का गुन जाते, हे खरं ना?"

"जाते," ती कशीबशी म्हणाली.

"मंग जाऊच द्या. यायले गुन कमी नाई आला, लय जास्त आला. थो उतरला पाह्यजे. बोला मोठ्यानं!"

ठकूबाई उठली. कंबरेला पदर खोचला आणि सगळं बळ एकवटून ओरडली, "म्या देल्ली! खोकल्याची लाल बाटली! सकाऊन, दुपारी, अन् निजतानी!" ती हाक नदीच्या पलीकडच्या गावाने ऐकली, असं म्हणतात.

थोरली रडायलाच लागली. "आत्याबाई, मामाजीले म्याबी देल्ली."

"म्याबी," धाकटी पुटपुटली.

सगळ्यांच्या नजरा शामरावकडे वळल्या. तो हातातल्या टोपीकडे बघत म्हणाला, "वावरातून आलो का, दोन झाकनं."

प्रत्येक हाकेसरशी बुढ्याची पापणी हलली आणि चौथ्या हाकेला तो उठून भाकर मागायला लागला, असं म्हणतात. सांगायला छान आहे, पण तसं नव्हतं. उकंडाजींनी त्याला गाडीत कुशीवर निजवलं, चारी बाटल्या बरोबर घेतल्या आणि बैल असे पळवले, की चाकं जमिनीला टेकत नव्हती. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, काय दिलं, किती दिलं? तेव्हा सगळं घर एकदम बोलायला लागलं. डॉक्टरने हात वर करून त्यांना गप्प केलं. "एवढं कळलं, हे फार बरं झालं," तो म्हणाला, "आता मला करता येईल."

दिवे लागायच्या वेळी जानरावने डोळे उघडले. पहिलंच बोलला, "थे गोड दवाई सरली काय?" ठकूबाई खो खो हसत सुटली. हसता हसता रडली आणि भर दवाखान्यात, एवढ्या लोकांसमोर, त्याचा हात धरून बसली. छातीवरचा धोंडा उतरल्यावर माणूस लाजत नाही.

त्यानंतर उकंडाजींनी दुकानाचा नियमच केला. कोणासाठी हवं आणि आधी काय दिलं, हे सांगितल्याशिवाय साधी गोळीही मिळणार नाही. आणि ज्याने औषध दिलं त्याने अंगणात येऊन तसं ओरडून सांगायचं. पहिले काही महिने गाव लाजलं. मग ठकूबाईने रोज घसा ताणून सगळ्यांची लाज मोडली.

उकंडाजींची समाधी नाही, जत्रा नाही. पण बोरखडीत आजही औषध दिलं की माणूस दाराबाहेर येतो आणि हाक घालतो, "उकंडाजी, देल्ली हो!" मग कोणाला दिली, कोणती दिली, हे सांगतो. आसपासच्या घरांतून उत्तर येतं, "आयकलं!" नवा पाहुणा दचकतो. गावच्या सुना माहेरी जाऊनही हाक घालतात आणि हसं करून घेतात.

गावाच्या टोकाला वच्छलाबाई एकटीच राहते. तिला औषध देणारं कोणी नाही. आपली गोळी ती आपणच घेते, आणि तरी काठी टेकत दाराशी येऊन सांगते, "उकंडाजी, घेतली हो!" समोरच्या घरातून, कामातून मान वर न करता, कोणीतरी ओरडतं, "आयकलं!" आणि एखाद्या सकाळी हाक आली नाही, तर हातातलं काम तिथेच टाकून तेच माणूस तिच्या दाराकडे धावत सुटतं.