गाढवामागचा पाट

भाळवडचा पाट बघायला येणारा प्रत्येक जण आधी हसतो. झरा डोंगराच्या पलीकडे, गावापासून हाकेच्या अंतरावर, आणि पाट मात्र अख्ख्या डोंगराला वळसा घालत दीड कोस फिरून येतो. काढणाऱ्याला दिशा कळत नव्हती का, असंही विचारतात. हसणाऱ्यांनी जरा इकडे यावं आणि डोंगराच्या पोटात कोरलेली ही खाच बघावी. वीस हात आत जाऊन ती थांबते. सरळ वाट ती ही.

असं सांगतात, की त्या काळी गावाला पाणी नव्हतं आणि रायाजी देशमुखाला धीर नव्हता. पाण्याच्या आड डोंगर येतो, तर डोंगर फोडा, असा त्याचा हुकूम. वडार वस्तीवरच्या माणसांनी दोन वर्षं घण घातले. काळा पाषाण ठिणग्या द्यायचा, वाट द्यायचा नाही. शेवटी दरड कोसळून पाच माणसं गेली. त्यांत नागव्वाचा एकुलता मुलगा होता. त्याची बायको चंद्री तेव्हा पोटुशी होती.

एवढी माणसं गेली तरी देशमुखाला आपला हुकूम चुकला असं वाटलं नाही. डोंगरच अडून बसलाय म्हणाला. मग कुणा भगतानं सांगितलं, डोंगराला पोटुशी सुनेचा बळी हवा. अक्षय तृतीयेचा दिवस ठरला. पोटुशी सून देशमुखाच्या घरातही होती, पण डोंगराला म्हणे वडाराचीच, म्हणजे चंद्रीच, हवी होती. डोंगराला जात कशी कळते, हे आम्हा म्हाताऱ्यांना अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

नागव्वा पाया पडायला गेली नाही. तिनं आपल्या गाढवीवर दगडांची गोणी लादली, तिला झऱ्यापाशी नेलं आणि दोर सोडून दिला. लादलेलं गाढव घरी जाताना उभा चढ धरत नाही, डोंगराच्या कडेकडेनं उतार धरून चालतं, हे जन्मभर दगड वाहिलेल्या बाईला ठाऊक होतं. गाढवी पुढे आणि नागव्वा मागून चुन्याची रेघ ओढत चालली. दुसऱ्या दिवसापासून त्या रेघेवर वस्तीतल्या बाया कुदळी घेऊन उतरल्या. मागाहून गावातल्याही आल्या. खडक लागला की बाजूनं जायचं, एवढंच त्या पाळत होत्या.

तृतीयेच्या सकाळी पाट वेशीपर्यंत पोचला. झऱ्याच्या तोंडाशी मातीचा बांध तेवढा उरला होता. देशमुख धावत झऱ्यावर आला, तर बांधावर नागव्वा उभी.

“आधी गाढवीच्या मागनं वेशीपतुर चालायचं,” ती म्हणाली. “मगच माती उकरीन.”

“डोंगरावरून सरळ गेलो तर घटकेत पोचेन मी.”

“सरळ तुमी दोन वर्सं चालला, सरकार. माझा ल्योक गेला त्यात. पोचलासा का?”

देशमुख चालला. अनवाणी, गाढवीच्या शेपटामागून, अख्खा वळसा. तो वेशीत आल्यावरच पाणी सुटलं. चंद्री वाचली.

पाटावरच्या शिळेवर नाव मात्र रायाजी देशमुखाचं आहे, आणि ते वडारांकडूनच कोरून घेतलं. त्याची चीड अजून जात नाही.

आजही अक्षय तृतीयेला वडार वस्तीतल्या बाया झऱ्यावर बांध घालून बसतात, आणि देशमुखांच्या कर्त्या माणसानं लादलेल्या गाढवामागून चालल्याशिवाय तो फोडत नाहीत. मागल्या साली देशमुखांचे चिरंजीव नव्या रस्त्यानं गाडीतून सरळ वेशीत येऊन उभे राहिले आणि पाणी सोडायचा निरोप धाडला. बाया बांधावर बसून राहिल्या. दुपार झाली तरी पाट कोरडाच होता. मग साहेबांनी बूट काढले.