झुपकोजींची विसरशेती

करंजवनात गोंडा नावाची एक खार राहत होती. तिचे वडील झुपकोजी शेतकरी होते आणि विसरभोळेही होते. दोन्ही कामं ते एकदमच उरकत.

त्या सकाळीही विशेष काही नव्हतं. झुपकोजींनी ज्वारीच्या बांधावर बेहड्याची बी पुरली, शेपटीने माती सारखी केली आणि कुठे पुरली ते विसरले.

"आबा, बी कुठेय? जेवायची वेळ झाली."

"असेल इथंच कुठेतरी."

"विसरलात ना? विसरभोळे कुठले!"

"अगं, आठवलं असतं तर खाल्लं असतं. मग झाड कुठून आलं असतं?"

अशा न खाल्लेल्या जेवणांची झाडं बांधभर उभी होती. बेहडा, शिवण, चारोळी. भर उन्हाळ्यात सगळं वन भेगाळायचं, पण झुपकोजींच्या मातीत ओल असायची.

दुपारी संशोधन केंद्राचे डॉ. ढोक आले. लांब पायांचे, लांब चोचीचे. एका पायावर उभं राहून विचार करणारे.

"झुपकोजी, खालच्या फांद्या छाटा. ज्वारीला ऊन लागेल."

"हे डोक्यातच आलं नाही बघा! छाटतो. पण तुमच्या केंद्रात एकही बी का उगवत नाही?"

"कळत नाही. आम्ही तर रोज उकरून बघतो."

"कशाला?"

"उगवली का ते बघायला."

दोघंही पोट धरून हसले. फांद्या छाटल्या गेल्या, उकरणं थांबलं. ज्ञानाची देवाणघेवाण एवढीच झाली.

ती बातमी भालसेन महाराजांच्या कानावर गेली. महाराज अस्वल होते आणि बहुमताने निवडून आलेले होते.

"मंडप नाही, हार नाही, आणि ज्ञान दिलं?" महाराज गरजले. "घेतलंसुद्धा? उद्याच महामेळावा भरवा!"

महामेळाव्यात महाराज सकाळपासून बोलले. मग झुपकोजींचा सत्कार झाला. शाल पांघरली, तेव्हा झुपकोजी दिसेनासे झाले. मग श्रीफळ दिलं. ते झुपकोजींहून बरंच मोठं होतं. टाळ्या थांबल्या तेव्हा शालीखालची हालचालही थांबली होती. राजवैद्यांनी 'सन्मानाचा अतिरेक' असं निदान केलं.

मंडप उभाच होता, म्हणून शोकसभाही तिथेच झाली.

"झुपकोजी अमर रहे!" महाराज म्हणाले. "त्यांच्याच बांधावर आम्ही भव्य वृक्षज्ञान भवन बांधणार! झाडं तेवढी तोडावी लागतील. पण त्याच लाकडाचं व्यासपीठ करू. एक फांदी वाया जाणार नाही!"

टाळ्या.

"आणि विसरणं हीच शेती असेल, तर आमच्या सरकारइतकी शेती कुणी केली? मागच्या निवडणुकीत कालव्याचं बोललो होतो. आहे आठवण? नाही! दवाखान्याचं? तेही नाही! सगळं विसरून दाखवलं!"

प्रचंड टाळ्या. "विसरेल जो, पिकवेल तो!" अशा घोषणा झाल्या. ज्यांच्या शेतात काहीच पिकलं नव्हतं, ते सर्वांत मोठ्याने ओरडत होते.

मग गोंडाला आभार मानायला बोलावलं. तिच्यासाठीही शाल-श्रीफळ तयार होतं.

"श्रीफळ खालीच राहू द्या," ती म्हणाली.

तिने वडिलांच्या तसबिरीकडे पाहिलं. हार इतका मोठा होता की झुपकोजींचे फक्त कान दिसत होते. ती कानांशीच बोलली.

"आबा, मी तुम्हाला रोज विसरभोळे म्हणत आले. तुमच्याच झाडांच्या सावलीत बसून म्हणत आले. तुमची शेती मला फार आवडायची, हे मात्र कधी म्हटलं नाही. आता म्हणते."

डॉ. ढोक उठले, तिच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी दुसरा पायही जमिनीवर टेकला.

गोंडा महाराजांकडे वळली.

"झाडं तोडू देणार नाही, महाराज. आबा विसरायचे, हे खरं. पण त्याआधी पेरायचे."