आधी थोडं आवळावं

माझी शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतात आणि जड शब्द मला जमत नाहीत. वाचकांनी सांभाळून घ्यावं. गोष्ट मात्र नीट सांगायचा प्रयत्न करतो.

एकदा एक गुळाचा व्यापारी आपल्या वडिलांची जुनी मोटरसायकल हातगाड्यावर घालून एका वृद्ध मिस्त्रींच्या दारात आला. गाडी कित्येक वर्षं वखारीच्या कोपऱ्यात उभी होती. इंजिन पूर्ण जाम झालं होतं. किकवर उभं राहिलं तरी ती हलत नव्हती. मिस्त्रींनी टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "घाई नसेल तर ठेवा."

"घाई नाही," व्यापारी म्हणाला, "पण मामा, काही मोडू नका. हिचे भाग आता कुठं मिळत नाहीत."

मिस्त्रींना सगळा गाव मामा म्हणत असे. त्यांच्या हाताखाली भूपाल नावाचा एक शिष्य होता. कष्टाळू होता, हातही चांगला होता, आणि नुकताच एका मुलीचा बाप झाला होता. पण त्या दिवसांत त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

त्याला कारण होतं एक फेटा. बहिणीच्या लग्नात सगळ्या मानकऱ्यांना फेटे बांधले गेले, काकांना, मेव्हण्यांना, अगदी बँडच्या मालकालाही. भूपालचा थोरला भाऊ आण्णा तेवढा राहिला. तो बिचारा मागच्या बाजूला आचाऱ्याजवळ उभा राहून पंगतीचं बघत होता. फोटोच्या वेळी आण्णा बोडका पुढे आला, सगळ्यांच्या डोक्यांकडे एकदा पाहिलं, आणि अक्षता पडल्यावर न जेवता घरी गेला. तेव्हापासून त्याने भूपालच्या घरी येणं सोडलं होतं.

आता येत्या रविवारी मुलीचं बारसं होतं. आईने स्पष्ट सांगितलं होतं, "दोघं भाऊ एका पंगतीला बसणार असाल तरच मी पाळण्याला हात लावीन. न्हाईतर तुमचं तुम्ही नाव ठेवा."

म्हणून भूपाल पुन्हा पुन्हा आण्णाकडे जात होता आणि दर वेळी तेच बोलत होता, "आण्णा, एका फेट्यासाठी किती धरून बसायचं? सोडून दे की." जितक्यांदा तो हे म्हणे, तितका आण्णा अधिक घट्ट होई. त्या दिवशी सकाळी तर त्याने भूपालच्या तोंडावर दार लावून घेतलं.

तिथून भूपाल थेट कामावर आला. इंजिनाचं वरचं झाकण चार नटांनी बसवलेलं होतं. आदल्या दिवशी मामांनी चारही नटांवर तेल सोडून ठेवलं होतं. तीन नट सुटले, चौथा हलेना. भूपालने पाना लावला आणि जोर केला. मग पान्याला लोखंडी पाइप जोडला आणि आणखी जोर केला. पाना निसटला. त्याची बोटं सोलली, नटाचे कोपरेही झिजले.

एवढ्यात व्यापारी चौकशीला आला. "काय भूपाल, नटाशी कुस्ती चाललीय काय?"

"छिन्नी लावून उडवतो," भूपाल म्हणाला.

"छिन्नी ठेव खाली," आतून मामांचा आवाज आला. ते बाहेर येऊन गाडीशेजारी बसले. त्यांनी नट पाहिला, मग भूपालची बोटं पाहिली. "आण्णाकडनं येतोयस वाटतं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"नटाचे कोपरे सांगतायत."

मामांनी लहान हातोडीने नटावर चहूबाजूंनी हलके ठोके दिले, अगदी घडा घेताना वाजवून बघावा तसे. पुन्हा थोडं तेल सोडलं. मग पाना नीट बसवला आणि उलट्या दिशेने फिरवला. म्हणजे सोडवायच्या ऐवजी आवळू लागले.

व्यापाऱ्याला राहवेना. "अहो मामा, चुकताय तुम्ही! आवळताय!"

"आवळतोच आहे."

"घ्या! त्याने कोपरे घालवले, आता तुम्ही नट घालवा."

मामा हात जपून दाबत राहिले. नटातून बारीक आवाज आला, "कट्ट." तो आवळण्याच्या बाजूला केसभर हलला होता. मग मामांनी पाना फिरवला आणि नट केसभर सुटला. त्यांनी लगेच ओढला नाही. पुन्हा थोडा आवळला, थोडा सोडला, मध्ये तेल दिलं. शेवटी तो चिमटीने फिरू लागला, तेव्हा काढून भूपालच्या तळहातावर ठेवला.

"मामा, सोडवायचा होता तर आवळला कशाला?" भूपालने विचारलं.

मामा हात पुसत म्हणाले, "गंजलेला नट हट्टी नसतो रे. एकदा कोणीतरी त्याला घट्ट बसवलेलं असतं, आणि मग त्याची कोणी विचारपूस करत नाही. तू आल्या आल्या त्याला सुट म्हणून सांगितलंस. त्याने जागा आणखी धरली. जास्त जोर लावला असतास तर तो सुटला नसता, मोडला असता. म्हणून आधी तो ज्या बाजूला बसलाय, त्याच बाजूला थोडं जायचं. तू घट्ट आहेस ते बरोबर आहे, असं त्याला म्हणायचं. तेवढ्याने गंजाची पकड मोडते. आणि एक ध्यानात ठेव. हलला म्हणजे सुटला, असं समजून हिसका द्यायचा नाही."

भूपालने तळहातावरचा नट चिमटीत धरून फिरवून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आण्णाकडे गेला. आण्णा अंगणात म्हशीला वैरण टाकत होता. त्याने मान वर केली नाही.

"आलास पुन्हा? सोडून दे म्हणायला?"

"नाही," भूपाल म्हणाला. "तू जेवला नाहीस ते बरोबरच केलंस. सगळा मांडव तू उभा केलास आणि फेटा बँडवाल्याला. तुझ्या जागी मी असतो तर अक्षतांनाही थांबलो नसतो."

आण्णाचा हात वैरणीतच राहिला. तो ताडकन वळला. "अक्षतांना थांबला नसतास? अक्कल हाय का तुला? बहिणीचं लगीन हुतं ते! फेट्यासाठी कुणी मांडव सोडतंय व्हय?"

बारशाचा शब्द भूपालच्या ओठांवर आला होता, तो त्याने गिळला. वैरणीची एक पेंढी उचलून म्हशीपुढे टाकली. आण्णाने दुसरी टाकली. थोड्या वेळाने वहिनीने चहा आणला. दोघांनी तो उभ्यानेच घेतला.

भूपालने कप ठेवला आणि फाटकाकडे निघाला.

"पाळणा कोण टांगतंय?" मागून आण्णाचा आवाज आला.

"मीच टांगीन."

"नको. तुझ्या गाठी सुटतात," आण्णा म्हणाला. "मी येतो."