गालातले शेंगदाणे

ही गोष्ट कुणाला सांगू नकोस, असं आमच्या कबड्डीच्या बाईंनी मला बजावलं आहे. म्हणून मी ती प्राणी घालून सांगते.

फार पूर्वी जंगलात एक शाळा होती. तिच्या संघाची कबड्डी बघायला प्रत्येकाला एक पेरू द्यावा लागे. ते पेरू मुख्याध्यापक हत्तींकडे जात. खेळाडूंना मात्र कुणी काहीही द्यायचं नाही, असा कडक नियम होता.

अंतिम सामन्याआधी प्रशिक्षक अस्वलाने टिकू माकडाला गुपचूप मूठभर शेंगदाणे दिले. टिकूने ते माकडांच्या सवयीप्रमाणे गालात साठवले. तेवढ्यात शिट्टी वाजली. चढाईला गेल्यावर त्याच्या तोंडून "कबड्डी"ऐवजी "बब्बी, बब्बी" आलं आणि शेंगदाणे मैदानभर उडाले.

"कुणी दिले हे?" हत्ती गरजले. "संघातून नाव काढतो तुझं!"

टिकू रडायलाच लागला.

"मी दिले, सर," अस्वल म्हणालं. "काढायचं तर माझं नाव काढा. पोर सकाळपासून उपाशी आहे. आणि लोक पेरू देतात, ते त्याचाच खेळ बघायला ना?"

सगळ्यांनी हत्तींकडे पाहिलं. त्यांचेही गाल फुगलेले होते. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून—

"वैजयंती, लिहिणं थांबव! मुख्याध्यापकांनी बोलावलंय तुला."