जांभळीवरचं पोळं

सिंह अजून दरबार भरवायचा, तेव्हाची गोष्ट. एकदा दरबारातलं अस्वल रांजण घेऊन जांभळीवरच्या छोट्या पोळ्यापाशी आलं. म्हणालं, "राजधानीत मोठं पोळं बांधायचंय. तुमचा मध काढा."

थोरली माशी म्हणाली, "न्या की! पण तो खाऊनच आमच्या पोरी दिवसभर पंखांनी वारा घालतात, म्हणून उन्हात मेण वितळत नाही. आता वारा तुम्ही घाला."

"त्यात काय!" म्हणत अस्वलानं रांजण भरला आणि पळसाचं पान हलवायला घेतलं. दुपारपर्यंत त्याचे हात भरून आले, मेणही मऊ पडलं. त्यानं मध परत दिला. माश्या गुणगुणत पुन्हा वारा घालू लागल्या.

सिंहानं विचारलं, "मध कुठाय?"

अस्वल घाम पुसत म्हणालं, "महाराज, तो तिकडंच कामावर आहे."